धन कोणाचे? : खजिना शोधणारा नायक आणि मराठी अद्भुतकथा

लहानपणी आम्ही सटाण्याहून मुल्हेरला निघालो की ताहाराबादपर्यंत एसटी आणि पुढे मिळेल ते वाहन, असा प्रवास असे. एकदा शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी खिडकीतून किल्ल्याकडे बोट केले आणि आवाज खाली आणत मला सांगितले, ‘तठे धन शे.’ तिथे धन आहे. कोणाचे, असे मी विचारले. बाबांना हा प्रश्न विचित्रच वाटला असावा. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, परत येताना मोगल मागे लागले, तेव्हा काही उंट इकडेच रिते केले, असे काहीसे ते बोलले. मोसमच्या खोऱ्यात वाढलेल्या कोणीही ही गोष्ट या ना त्या रूपात ऐकलेली असते. कोणी मुल्हेरचे नाव घेतो, कोणी साल्हेरचे, कोणी त्यांच्या मधल्या डोंगराचे. उंटांची संख्या सांगणाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून असते.

त्याच वर्षांत गावातल्या वाचनालयातून मी पुठ्ठे निखळलेल्या जुन्या कादंबऱ्या आणीत असे. त्यांतही भुयारे होती, गुप्त कोठड्या होत्या, रत्नांनी भरलेल्या पेट्या होत्या. पुढे कॉलेजात इंग्रजी वाचायला लागलो आणि रायडर हॅगर्डचा अ‍ॅलन क्वाटरमेन भेटला. तेव्हा जाणवले की आपल्या कादंबऱ्यांतला खजिना आणि साहेबाच्या कादंबऱ्यांतला खजिना यांत काहीतरी मूलभूत फरक आहे. तो नेमका कोणता, याचा विचार मी बरीच वर्षे अधूनमधून करीत आलो आहे. इथे तोच मांडतो.

आधी साहेबाचा खजिना. स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः छापून १८८३ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यासारखी गोष्ट आपणही लिहू शकतो, अशी हॅगर्डने भावाशी पैज मारली आणि १८८५ मध्ये ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ प्रसिद्ध झाली. क्वाटरमेन हा साठीकडे झुकलेला, अंगाने लहानखुरा, स्वतःला भित्रा म्हणवणारा शिकारी. त्याच्याजवळ एका पोर्तुगीजाने तीन शतकांपूर्वी मरतामरता स्वतःच्या रक्ताने फडक्यावर काढलेला नकाशा असतो. वाळवंट, बर्फाळ डोंगर, त्यापलीकडचे अज्ञात राज्य, आणि शेवटी डोंगराच्या पोटातली हिऱ्यांची कोठी. दगडी दार मागे बंद होते. बाहेर पडताना क्वाटरमेन खिशांत मावतील तेवढे हिरे कोंबतो, आणि तेवढ्यावर उरलेले आयुष्य इंग्लंडात सुखाने जाते.

या कथेने जो साचा पाडला तो पुढे पन्नास वर्षे चालला. अमेरिकेत फ्रँक मन्सीने १८९६ मध्ये आपले ‘आर्गसी’ मासिक लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या खरखरीत, स्वस्त कागदावर छापायला सुरुवात केली. आत नुसत्या कथा. या कागदावरूनच तशा मासिकांना ‘पल्प’ हे नाव पडले. १९१० मध्ये तर ‘अ‍ॅडव्हेंचर’ याच नावाचे मासिक निघाले. गिरण्यांतले कामगार, कारकून, शाळकरी मुले असा त्यांचा वाचक. त्या वाचकाला दर अंकात एक नकाशा, एक शापित मूर्ती आणि एक गोरा धाडसी माणूस लागे. एडगर राइस बरोजचा टारझन १९१२ मध्ये पल्प मासिकातूनच जन्मला आणि चार वर्षांत त्यालाही ओपार नावाच्या हरवलेल्या नगरीतल्या सोन्याच्या आणि रत्नांच्या मागे जावे लागले. जंगलात वाढलेल्या माणसाला सोने कशाला हवे, हा प्रश्न मासिकाच्या वाचकांना पडला नाही. खजिना नसता तर मात्र त्यांनी पत्रे लिहिली असती.

या सगळ्या कथांत एक गोष्ट समान आहे. खजिना बेवारशी असतो. म्हणजे त्याच्या आसपास माणसे राहत असतात, कधी त्याची पूजाही करीत असतात. पण ती मालक म्हणून मोजली जात नाहीत. हॅगर्डची कादंबरी आली त्याच वर्षी बर्लिनमध्ये युरोपच्या सत्तांची आफ्रिकेच्या वाटपाची बैठक उरकली होती, हा योगायोग पुष्कळांनी टिपला आहे. मला त्याहून जवळचे उदाहरण वाटते ते शेरलॉक होम्सचे. ‘द साइन ऑफ फोर’ १८९० साली ‘लिपिन्कॉट्स’ मासिकात आली. तिच्यात आग्र्याचा खजिना आहे. सत्तावन्नच्या धामधुमीत एका राजाने आपली रत्ने एका व्यापाऱ्याच्या वेषातल्या माणसाबरोबर आग्र्याच्या किल्ल्यात पाठवली, तिथे त्याचा खून झाला आणि पेटी चौघांची झाली. शेवटी ती रत्ने टेम्स नदीच्या गाळात जातात. वॉटसन सुटकेचा निःश्वास सोडतो, कारण मिस मॉर्स्टन श्रीमंत झाली असती तर तिला मागणी घालणे त्याला जड गेले असते. राजाचे पुढे काय झाले, याला एक वाक्य पुरते : त्याला पदच्युत करून हिंदुस्थानाबाहेर घालवले होते. म्हणजे मालक नाही. प्रश्न मिटला.

सगळे इंग्रज लेखक असे नव्हते हेही सांगायला हवे. विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’मध्ये (१८६८) श्रीरंगपट्टणच्या लुटीतला हिरा तीन ब्राह्मण पिढ्यान्‌पिढ्या पाठलाग करून देवाच्या कपाळी परत बसवतात. पण कॉलिन्सचा धडा पल्पवाल्यांनी घेतला नाही. त्यांनी हिरा घेतला.

आता आपल्याकडे या. मराठीत अद्भुताची हौस जुनीच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या आणि अलीबाबाची गुहा वाड्यावाड्यांत पोचली. हळब्यांची ‘मुक्तामाला’, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ यांचा बाज अद्भुताचाच. पण खऱ्या अर्थाने इंग्रजी स्वस्त कथांचा झरा आपल्याकडे आला तो हॅगर्डच्या नव्हे, तर रेनॉल्ड्सच्या वाटेने. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लंडनचा लेखक १८४४ पासून ‘मिस्टरीज ऑफ लंडन’ एकेका पेनीच्या आठवडी भागांत विकत होता. पल्प मासिकांचा हा आजोबाच. इंग्लंडच्या समीक्षकांनी त्याला नाक मुरडले, हिंदुस्थानातल्या कॉलेजकुमारांनी मात्र त्याला डोक्यावर घेतले. हरिभाऊ आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्याच छायेत लिहिली गेली. हरिभाऊ त्या छायेतून लवकर बाहेर पडले आणि १८९० मध्ये ‘करमणूक’ काढून त्यांनी मराठी वाचकाला घरातल्या दुःखांकडे पाहायला शिकवले. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा विषय छायेत राहिलेल्या माणसाचा आहे.

गोविंद नारायण दातारशास्त्री. ‘इंद्रभुवनगुहा’, ‘कालिकामूर्ती’, ‘प्रवाळद्वीप’, ‘बंधुद्वेष’, ‘विलासमंदिर’, ‘चतुर माधवराव’, ‘शालिवाहन शक’. ही नावे नुसती एकापाठोपाठ एक उच्चारली तरी साठी ओलांडलेल्या वाचकांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू येते. शास्त्रीबुवांनी रेनॉल्ड्स घेतला खरा, पण त्याला असे काही मराठी केले की मूळ शोधायला निघालेला माणूस वाटेतच गोष्टीत अडकून पडावा. युरोपातले सरदार आपल्या संस्थानांतले सरदार झाले, मठ गेले आणि देवळे आली, काळोख्या तळघरांचे भुयार झाले. भाषा संस्कृतप्रचुर, पण वेग असा की पान उलटताना बोट भिजवायलाही फुरसत मिळू नये. साहित्याच्या इतिहासांत त्यांच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. वाचनालयांच्या नोंदवह्यांत मात्र त्यांची पानेच्या पाने भरलेली असत.

दातारशास्त्र्यांच्या भुयारांत धन असतेच. पण नायक ते शोधायला निघालेला नसतो, ही माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट. तो निघालेला असतो बापाच्या शोधात, किंवा पळवलेल्या स्त्रीच्या, किंवा स्वतःच्या खऱ्या नावाच्या. धन त्याला वाटेत सापडते आणि सापडते तेव्हा ते त्याचेच निघते. कपटी काका-दिवाणाने दडवलेली ती त्याच्या कुळाची ठेव असते. ज्याला साहेब खजिना म्हणतो त्याला आपली कादंबरी वारसा म्हणते. रेनॉल्ड्सकडे हा धागा होताच, कारण हरवलेला वारस हा त्याचाही आवडता विषय. मग प्रश्न उरतो की मराठी वाचकाने इंग्रजीतल्या एवढ्या मोठ्या दुकानातून नेमका हाच माल का उचलला, आणि क्वाटरमेनचा माल फळीवरच का राहिला.

हिंदीतही असेच घडले. देवकीनंदन खत्रींच्या ‘चंद्रकांता’मध्ये (१८८८) तिलिस्म आहे, म्हणजे कळसूत्री दारे, फिरते पुतळे आणि फसवे जिने यांनी राखलेला खजिना. पण तिलिस्म कोणी तोडायचा हे आधीच ठरलेले असते. ज्याच्या नावाने तो बांधला त्याच्याच हाताने दार उघडते, इतर कोणी कितीही हुशार असो. खत्रींची भाषा शिकून हिंदी वाचायला लागलेल्यांच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. त्या वाचकांनाही बेवारशी धन रुचले नसते.

मला वाटते, कारण साधे आहे. क्वाटरमेन ज्या नकाशाच्या बाहेरून येतो, त्या नकाशाच्या आत आपण राहत होतो. आग्र्याचा खजिना हा लंडनच्या वाचकाला रहस्य होता. पुण्या-नाशिकच्या वाचकाला ती अलीकडची बातमी होती. पेशवाई १८१८ मध्ये संपली, त्याच वर्षी मुल्हेरचा किल्लाही कंपनीच्या हाती गेला. संस्थाने खालसा झाल्यावर जवाहिरखान्यांचे काय होते हे लोकांनी पाहिले होते. अशा वाचकाला ‘धन सापडले आणि तो ते घेऊन घरी गेला’ हा सुखान्त कसा वाटावा? त्याला ‘ज्याचे होते त्याला मिळाले’ हाच शेवट हवा होता.

आणि त्याच्याजवळ स्वतःची एक खजिन्याची गोष्ट होतीच. तोरण्याची. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ती नोंदवली आहे : शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला, पडझड झालेले बांधकाम खणताना पुरलेले सोने मिळाले, ती भवानीची कृपा मानली गेली आणि त्यातून शस्त्रे घेतली गेली, राजगड उभा राहिला. नाथमाधवांपासून शालेय पुस्तकांपर्यंत स्वराज्याच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येकाच्या मनात हा हंडा कुठेतरी ठेवलेला आहे. यात कोणी खिशात काही कोंबत नाही. जमिनीतून निघालेले धन दुसऱ्या डोंगरावर दगड होऊन चढते.

या चष्म्यातून सुरतेच्या लुटीची आमची मोसमकाठची आख्यायिका पाहिली की तिचे दोष दिसतात. १६७० च्या ऑक्टोबरमध्ये महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. मोगली चौकशीत ठरलेला लुटीचा आकडा म्हणून जदुनाथ सरकारांनी ६६ लाख रुपये दिला आहे. परतीची वाट बागलाणातून, मुल्हेर-साल्हेरच्या बाजूने होती. दाऊदखान कुरेशी बऱ्हाणपुराकडून चांदवडला येऊन आडवा झाला आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीची लढाई झाली. मोकळ्या मैदानात मराठ्यांनी मोगली फौजेला दिलेली ही मोठी झुंज. पण ती दिली कशासाठी? लादलेली जनावरे पुढे निघून जावीत म्हणून. लूट सुखरूप गेली, म्हणूनच ती लढाई जिंकली म्हणायची. शिवाय तेव्हा हे दोन्ही किल्ले मोगलांकडे होते. साल्हेर मराठ्यांनी घेतला तो १६७१ च्या जानेवारीत. शत्रूच्या किल्ल्याच्या पोटात आपली लूट कोण पुरून ठेवील? बाबांच्या उंटांना इतिहासात उभे राहायला जागा नाही.

तरी लोक खणतात. इथे मात्र गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीतले धन दिसते, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल आहे की पायांकडून जन्मलेल्या पोराला गावात वेगळ्याच नजरेने पाहिले जाई. आमच्या आळीत असा एक मुलगा होता. त्याला एका अमावास्येला दोन अनोळखी माणसे बोलवायला आली होती. त्याच्या आईने हातात मुसळ घेऊन त्यांना पळवून लावले. आम्हा मुलांना ती गंमत वाटली होती. अशा शोधांत काय काय होते हे पुढे वर्तमानपत्रांतून कळत गेले. २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा लागला. कादंबरीत जी देवी रक्त मागते ती छापील असते. अंजन घालणारा मांत्रिक खरा असतो.

माणसांखालोखाल हाल होतात ते किल्ल्यांचे. जोत्यांवरच्या फरश्या उलथलेल्या, मूर्तीखालची जागा उकरलेली, टाक्यांच्या कडा फोडलेल्या अशा खुणा किल्ल्यांवर हिंडणाऱ्यांच्या ओळखीच्या असतात. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे, राज्यातला सर्वांत उंच किल्ला, आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. वारसा हा दातारशास्त्र्यांचा शब्द सरकारी फलकावर आला, याचे मला बरे वाटले.

खरे धन सापडते तेव्हा ते कसे दिसते, याचेही उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. १९०६ साली सिन्नरजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. तेरा हजारांवर नाणी. सगळी क्षहरात राजा नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. राजाचा चेहरा खाली, त्याच्यावर जिंकणाऱ्याची चिन्हे. नाशिकच्या लेण्यांतल्या लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. ती नुसती स्तुती नव्हती, याचा पुरावा मडक्याएवढ्या जागेत दोन हजार वर्षे पडून होता. ही चांदी वितळवली असती तर तिची किंमत सराफाने तराजूवर सांगितली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

कायद्यानेही या प्रकरणात कादंबरीपेक्षा जास्त कल्पकता दाखवली आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे. कलेक्टर जाहीर नोटीस काढून मालकाला पुकारतो. कोणी पुढे आलाच नाही आणि आधी काही करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. क्वाटरमेनने हा अर्ज कोणत्या कलेक्टरकडे केला असता, याची मी कधी कधी कल्पना करतो.

मराठी अद्भुतकथा पुढे शहरात गेली. १९४० नंतर बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि स्वस्त कागदावरची ती छोटी पुस्तके रेल्वे स्टेशनांपासून न्हाव्याच्या दुकानांपर्यंत गेली. आपल्याला पल्प म्हणून दाखवता येईल असे काही असेल तर ते हेच. त्यांचे झुंजार आणि काळापहाड कायद्याच्या कुंपणाबाहेर उभे असत. हे दोघे तिजोऱ्या फोडू शकत होते. तरी नकाशा घेऊन परमुलखात जाऊन तिथल्यांचे सोने उचलणारा नायक त्यांनीही उभा केला नाही. त्यांच्या तिजोरीचा मालक शहरातच असतो, बहुतेक वेळा रेशमी कोट घालून, आणि त्याने ते धन कोणाकोणाचे लुबाडले याचा हिशेब झुंजारकडे तयार असतो. भुयार गेले, वारसाचा प्रश्न राहिला.

सटाण्याच्या माणसाने खजिन्यावर लिहायचे आणि देवमामलेदारांचे नाव घ्यायचे नाही, असे होणार नाही. यशवंत महादेव भोसेकर हे इथे मामलेदार होते. १८७०-७१ च्या दुष्काळात माणसे मरू लागली तेव्हा त्यांनी सरकारी खजिना उघडून वाटला. परंपरा आकडा सांगते तो एक लाख सत्तावीस हजार रुपयांचा. वरिष्ठ तपासणीला आले, पेट्या उघडल्या, मोजल्या, तर रक्कम जशीच्या तशी भरली. हा चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मला त्यातला तपासनीस मोलाचा वाटतो. आमच्या गोष्टीत खजिना मोजायला अधिकारी येतो, वही असते, शिल्लक असते. एका कारकुनी खात्यातून देव निघाला आणि तोही खजिन्याच्या दारातून. मार्गशीर्षात त्यांची यात्रा भरते, आरमच्या काठी पाळणे लागतात, आणि रेवड्या खात फिरणाऱ्या मुलांना आजीआजोबा हीच गोष्ट सांगतात. उंटांची गोष्ट त्या दिवशी कोणी काढत नाही.

गेल्या पावसाळ्यात वाचनालयात गेलो तर जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा रद्दीत निघायच्या बेतात होता. त्यात शास्त्रीबुवांची एक कादंबरी होती. मुखपृष्ठ नाही, पहिली सोळा पाने नाहीत आणि शेवटचीही नाहीत. कथा भुयाराच्या तोंडाशी तुटली होती. तिथे समासात कोणीतरी, अक्षरावरून शाळकरी मुलगा असावा, शिसपेन्सिलीने लिहून ठेवले होते : ‘पुढे पेटी सापडते. ती त्याच्या आईची असते.’ ग्रंथपालांना विचारून मी ते पुस्तक घरी आणले आहे.